तीन तासांचे बायदीछंग

यांगत्से नदीवर छोंगछिंग ते यिचांग असा बोटीने प्रवास करणाऱ्याला रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर एक रंगीत स्टिकर मिळतो. तो छातीवर डाव्या बाजूला लावायचा, कानात यंत्र अडकवायचे आणि त्याच रंगाचा झेंडा हातात धरलेल्या मार्गदर्शकाच्या मागे धक्क्यावर उतरायचे. बोटीवाल्यांच्या भाषेत याला ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात. मराठीत या प्रकाराला नेमका शब्द नाही. किनाऱ्यावरची सहल म्हटले तर डोळ्यांसमोर अलिबाग येते. २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही तेवीस मराठी माणसे अशा एका बोटीवर होतो. आमचा स्टिकर पिवळा होता आणि दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिले होते : ‘बायदीछंग : नदीकाठचे प्राचीन शहर. कालावधी तीन तास.’

या एका ओळीत दोन चुका आहेत, हे मला उतरल्यावर कळले. बायदीछंग हे शहर नाही; ती एक टेकडी आहे, तिच्यावर देऊळ आहे. आणि जे खरोखर नदीकाठचे प्राचीन शहर होते ते तिथून काही किलोमीटर वरच्या अंगाला पाण्याखाली आहे. तिसरी चूक मात्र माझी होती. अशा सहलीबद्दल मनात जी तुच्छता बाळगून मी बोटीवरून उतरलो ती कितपत रास्त होती, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम नावांचा गुंता सोडवू. ज्या ठिकाणी यांगत्से तीन प्रसिद्ध घळयांपैकी पहिल्या, छूथांग घळईत शिरते, तिथे दोन्ही बाजूंचे कडे दरवाजाच्या झडपांसारखे समोरासमोर उभे आहेत. याला ख्वेइमन म्हणतात. १९९९ च्या मालिकेतल्या दहा युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला हेच चित्र आहे. या दरवाजाच्या तोंडाशी, उत्तर काठावर बायदीची टेकडी. तिच्या पश्चिमेला ख्वेइचौ हे शहर, आणि त्या परिसरातल्या तालुक्याला थांग राजवटीत, ६४९ साली, फंगज्ये हे नाव मिळाले. पुढे शहरही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. जुने ग्रंथ ख्वेइचौ म्हणतात, नकाशे फंगज्ये म्हणतात, आणि प्रवासी कंपन्या, ‘श्वेतसम्राटाचे नगर’ असा अर्थ सांगता येतो म्हणून, बायदीछंग म्हणतात.

हा श्वेतसम्राट म्हणजे गोंगसुन शू. पश्चिम हान सत्ता कोसळल्यानंतरच्या धामधुमीत त्याने सिच्वान बळकावले, इ. स. २५ मध्ये स्वतःला सम्राट म्हणवले, आणि इ. स. ३६ मध्ये तो लढाईत मारला गेला. विहिरीतून पांढरी वाफ अजगराच्या रूपाने वर येताना दिसली म्हणून त्याने हे बिरुद घेतले, अशी दंतकथा आहे. लोकांनी टेकडीवर त्याचे देऊळ बांधले आणि ते शतकानुशतके चालले. मग १५१२ साली मिंग राजवटीतल्या एका अधिकाऱ्याला वाटले की, बंडखोराची पूजा प्रजेने करू नये. त्याने मूर्ती हलवली. १५३३ साली त्या जागी ल्यू बेइ आणि चूगे ल्यांग यांची स्थापना झाली. तेव्हापासून श्वेतसम्राटाच्या देवळात श्वेतसम्राट नाही. नाव एकाचे, देव्हारा दुसऱ्याचा. आपल्याकडच्या देवस्थानांचा इतिहास ज्यांनी थोडाफार चाळला आहे त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही.

आमच्या मार्गदर्शक मुलीने गोंगसुन शूला दीड मिनिटात निकालात काढले. ती पंचविशीतली, स्थानिक, इंग्रजी स्वच्छ आणि घाई न करणारी. पण ल्यू बेइच्या दालनापाशी तिने पाऊण तास घेतला. २२२ साली वू राज्याकडून दारुण पराभव पत्करून शू-हानचा हा राजा इथवर मागे हटला, आणि २२३ साली आपला अल्पवयीन मुलगा प्रधान चूगे ल्यांगच्या हवाली करून मरण पावला. ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीमुळे हा प्रसंग चीनमधल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. दालनात तो रंगीत पुतळ्यांनी उभा केला आहे : मंचकावर राजा, गुडघे टेकलेली मुले, भोवती हवालदिल सरदार. पुतळे आधुनिक काळातले आहेत. आणि ल्यू बेइचा मृत्यू ज्या महालात झाला तो टेकडीवर नव्हे, खालच्या शहरात होता असे परंपरा सांगते. म्हणजे घटना खाली घडली, तिचा देखावा वर. मुलीने हेही सांगितले, पण तोवर आमच्यातले अर्धे लोक छायाचित्रे काढण्यात गुंतले होते.

मी तिला विचारले, तू फू कुठे राहत होता? ती क्षणभर थांबली. हा प्रश्न तिला फारसा कुणी विचारत नसावे. म्हणाली, त्याबद्दल परतताना सांगते, आधी ली बाय आहे.

कार्यक्रमात ली बाय आहेच. (जुन्या मराठी लेखनात तो ली पो म्हणून भेटतो.) ७५९ साली, राजपुत्राच्या फसलेल्या बंडात सापडल्यामुळे हद्दपार होऊन हा कवी नदीच्या वरच्या अंगाला निघाला होता. महिनोन्महिने प्रवाहाविरुद्ध रखडत इथवर आला आणि इथेच त्याला माफीची वार्ता मिळाली. त्याने नाव उलट दिशेला वळवली. त्या आनंदात लिहिलेली चार ओळींची, अठ्ठावीस अक्षरांची कविता चिनी भाषेतल्या सर्वांत जास्त पाठ केल्या जाणाऱ्या कवितांपैकी एक आहे. तिच्यात बायदी फक्त मागे पडते. सकाळी निघणे आणि संध्याकाळी भलतीकडे पोचणे, एवढाच तिचा विषय. आमच्या बोटीवरच्या चिनी प्रवाशांनी, त्यांत एक सात-आठ वर्षांची मुलगीही होती, ती एका सुरात म्हणून दाखवली. मला तेव्हा असे वाटले की, या ठिकाणाची सर्वांत प्रसिद्ध कविता ही निघून जाणाऱ्याची कविता आहे. तीन तास थांबणाऱ्या आम्हा पिवळ्या स्टिकरवाल्यांचा आद्य पूर्वज कोणी असेल तर तो ली बाय.

हा केवळ विनोद नाही. या नदीचे बरेचसे लिखित वाङ्मय बोटीतून आलेल्यांचे आहे. लू यौ हा सुंग काळातला मोठा कवी ११७० साली ख्वेइचौमध्ये नायब अधिकारी म्हणून रुजू झाला. आपल्या गावाहून इथे पोचायला त्याला पाच महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात त्याने जी रोजनिशी ठेवली तिच्यात धक्के, देवळे, शिलालेख, जुन्या कवींची ठिकाणे हेच भरलेले आहे. तो बोट लागली की उतरे, पाहण्यासारखे काय आहे ते विचारी, स्थानिक कोणी तरी बरोबर येई, पुन्हा बोट. सात वर्षांनी फान छंगता हा दुसरा कवी उलट दिशेने गेला. त्याचीही रोजनिशी आहे. मार्गदर्शक घेऊन उतरणे ही पर्यटन कंपन्यांनी लावलेली कीड आहे असे मी समजत होतो. ती या वाटेवरची आठशे वर्षांहून जुनी रीत आहे.

मग शहर कुठे दिसते? ते दिसते अडकून पडलेल्याच्या लेखनात. तू फू ७६६ च्या वसंतात ख्वेइचौला आला आणि ७६८ च्या आरंभी गेला. वय पन्नाशीच्या पुढे. फुप्फुसे खराब, मधुमेहासारखा विकार, एक कान जवळपास बंद, हातात पैसा नाही, आणि गावी परतायच्या वाटेवर लढाया. या दोन वर्षांच्या आतल्या मुक्कामात त्याने चारशेच्या वर कविता लिहिल्या. आज उपलब्ध असलेल्या त्याच्या चौदाशेच्या आसपास कवितांपैकी हा हिस्सा केवढा मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

यातली सर्वांत गाजलेली आठ कवितांची शरदमाला आहे. कवी ख्वेइचौत बसलेला आहे आणि मन राजधानी छांगआनमध्ये आहे. समीक्षकांनी तिच्या रचनेवर ग्रंथ लिहिले आहेत आणि ते योग्यच आहे. पण माझे मन खेचले जाते ते त्याच काळातल्या दुय्यम समजल्या गेलेल्या कवितांकडे, कारण त्यांत शहर आहे. डोंगरातून बांबूच्या नळ्यांनी पाणी आणले जाई. ती नळी तुटली तेव्हा शिन-शिंग नावाचा त्याचा नोकर उन्हात लांबवर चढून ती दुरुस्त करून आला, यावर एक कविता आहे. आ-त्वान नावाचा आदिवासी पोरगा रात्री एकटा पाणी शोधायला गेला, त्याच्यावर दुसरी आहे. दोन्ही नोकरांची नावे शीर्षकातच आहेत. आठव्या शतकात किती भाषांतल्या किती थोर कवींनी पाणी भरणाऱ्या नोकराचे नाव शीर्षकात घातले असेल? कोंबड्या घरभर फिरतात म्हणून मुलाला खुराडे बांधायची घाई करणारी कविता आहे. आणि ख्वेइचौच्या बायकांवरची ती कविता, जिच्यात केस पिकले तरी लग्न न झालेल्या बाया सरपणाच्या मोळ्या पाठीवर घेऊन बाजाराकडे उतरतात, कारण लढायांनी पुरुष उरू दिलेले नाहीत. तू फूला हे गाव आवडत नव्हते. इथले हवामान, खाणे, चालीरीती, सगळ्यांबद्दल तो कुरकुरतो. तरी चाळीस मूंची संत्र्याची बाग सांभाळतो आणि सरकारी भातशेतीवर देखरेख करतो. प्रेम नसतानाही माणूस एखादे गाव इतके नीट पाहू शकतो, हे मला नवे होते.

(आमच्या पदव्युत्तर वर्गाला भाषांतरित विश्वसाहित्याच्या पेपरात एक चिनी कविता होती. कोणती, ते चाणाक्ष वाचकाने ओळखले असेलच. अठ्ठावीस अक्षरांची.)

आणखी एक नाव घ्यायला हवे. ल्यू यूशी हा ८२२ ते ८२४ या काळात ख्वेइचौचा प्रमुख अधिकारी होता. इथले लोक बासरी-ढोलकावर नाचत जी गाणी म्हणत ती त्याने ऐकली आणि त्याच धाटणीवर स्वतः ‘वेळूच्या फांदीची गीते’ रचली. पुढे हा चिनी काव्यातला एक मान्य प्रकार झाला. शेकडो कवींनी आपापल्या गावांवर ती लिहिली. ओवीच्या अभ्यासकांना यात रस वाटावा. मूळ गाणाऱ्यांचे एकही नाव मात्र टिकले नाही.

ज्यांची नावे टिकली नाहीत त्यांत नावाडी आणि नाव ओढणारे सर्वांत जास्त. छूथांगच्या तोंडाशी नदीच्या मधोमध यानयू नावाचा एक प्रचंड खडक होता. तो किती बुडाला आहे आणि किती वर आहे यावरून नाव हाकायची की नाही ते ठरे. १९५८-५९ च्या हिवाळ्यात तो सुरुंगांनी उडवला. प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव काठावरून माणसे ओढत. मोठ्या नावेला शंभराहून अधिक लागत. वेळूच्या दोरांनी काठच्या खडकांवर कोरलेल्या खोल चऱ्या विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दिसत होत्या. १८९८ साली पहिली छोटी वाफेची बोट छोंगछिंगला पोचली, तिलाही अवघड जागी माणसांनीच ओढले. पुढे चाळीस वर्षांनी, जपानी फौजा मागे लागलेल्या असताना, यिचांगच्या धक्क्यावर कारखान्यांची यंत्रे आणि निर्वासित यांचा खच पडला होता आणि बोटी रात्रंदिवस घळयांतून वर चालल्या होत्या. त्याच १९३८ च्या शरदात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोलकर यांच्यासह पाच भारतीय डॉक्टरांचे पथक हांकौहून यिचांगमार्गे छोंगछिंगला गेले. आमच्या मार्गदर्शक मुलीला मी कोटणीस हे नाव सांगितले तेव्हा कळले नाही. ‘ख तीह्वा’ म्हटल्यावर लगेच म्हणाली, हो, तो आमच्या पुस्तकात होता.

परतताना तिने शब्द पाळला. टेकडी आता बेट झाली आहे. किनाऱ्याशी ती छपराच्या पुलाने जोडलेली आहे. पुलावर उभे राहून तिने पश्चिमेकडे हात केला आणि सांगितले, तू फू इथे चार-पाच जागी राहिला. एक घर या टेकडीच्या उतारावर होते, बाकीची जवळपास. आणि शहर तिकडे. तिकडे पाणी होते, शांत, हिरवट, प्रवाह असल्याचा संशयही येऊ न देणारे.

इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. एप्रिल १९९२ मध्ये चीनच्या राष्ट्रीय लोकसभेने धरणाचा ठराव १७६७ विरुद्ध १७७ मतांनी मंजूर केला. ६६४ प्रतिनिधी तटस्थ राहिले. ज्या सभागृहात विरोधाची सवयच नव्हती तिथे हे आकडे बोलके आहेत. डिसेंबर १९९४ मध्ये काम सुरू झाले. जून २००३ मध्ये पाणी १३५ मीटर उंचीला आले, २००६ मध्ये १५६ आणि ऑक्टोबर २०१० मध्ये १७५. सुमारे तेरा लाख माणसे हलवली गेली. फंगज्ये २००२ साली पाडले गेले. आधी सुरुंग, मग हातोडे, कारण उभ्या इमारतींवरून बोटी जाऊ शकत नाहीत, आणि विटा व सळया विकता येतात. गावातलेच लोक रोजंदारीवर गाव पाडत होते. ज्या झांगखे या दिग्दर्शकाने ही पाडापाड चालू असतानाच तिथे चित्रपट केला, त्याला २००६ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. त्यात एक मजूर दहा युआनची नोट हातात धरून समोरच्या ख्वेइमनशी ताडून पाहतो. आमच्या बोटीवर तेच दुसऱ्या दिवशी दीडशे जणांनी केले. त्यांतल्या किती जणांनी चित्रपट पाहिला असेल, देव जाणे.

शहराचे थोडे काही वर आणले गेले. त्यात जुन्या तटाचा एक दरवाजा आहे, यीतौमन. त्याचे दगड उतरवून नव्या धक्क्याजवळ पुन्हा रचले आहेत. बस तिथून जाताना मुलीने तो दाखवला. त्याचे नाव तू फूच्या त्याच शरदमालेतून घेतलेले आहे : सप्तर्षींच्या आधाराने दिशा ठरवून राजधानीकडे पाहत राहणाऱ्या कवीच्या ओळीतून. म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या वेशीला जे नाव दिले ते, आपल्या गावाकडे पाठ फिरवून दुसरीकडे पाहणाऱ्या कवीच्या नजरेचे. पूर्वी त्या दरवाजाच्या आत निदान शहर होते.

बसमध्ये ती माझ्या शेजारच्या आसनावर येऊन बसली. तू फूबद्दल विचारलेत म्हणून सांगते, म्हणाली. तिच्या वडिलांचे नूडल्सचे दुकान त्या दरवाजाच्या आतल्या पायऱ्यांवर होते. शहर सोडले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उन्हाळ्यात, पुरासाठी जागा हवी म्हणून, धरणातले पाणी १४५ मीटरपर्यंत उतरवतात. तेव्हा डोंगरांच्या पायथ्याशी तीस मीटरचा उघडाबोडका पट्टा दिसतो. पण शहर त्याच्याही खाली आहे. ते कधीच वर येत नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती; नवे घर मोठे आहे, लिफ्ट आहे, वडिलांचे दुकान चालते, हेही तिने त्याच आवाजात सांगितले.

मी तिला माझ्या आईचे सांगितले. आईचे माहेर कोयनेच्या शिवसागरात गेले, साठच्या दशकाच्या आरंभी. तीही तेव्हा नऊ वर्षांचीच. गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात नेऊन वसवले. आमच्या घरात ‘माझं माहेर’ हा शब्द दोन जागांसाठी वापरला जाई आणि कोणती जागा ते आवाजावरून कळे. मराठीत अशा गावांवर ‘झाडाझडती’सारखी कादंबरी झाली, मी ती अनेक वर्षे शिकवली, आणि शिकवताना आईचा विषय वर्गात एकदाही काढला नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ते तिलाही सांगितले नाही.

तिने विचारले, तुमच्याकडे पाणी उतरते तेव्हा दिसते का काही?

एखाद्या वर्षी मेअखेरीस दिसते, मी म्हटले. देवळाचा चौथरा आणि एका घराचे जोते.

तुमची आई जाते?

दोनदा गेली.

तिथे जाऊन काय करते?

मी आठवून पाहिले. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. चिखल वाळून भेगाळला होता. आईने चप्पल काढली, जोत्यावर चढली, आणि इथे चूल, इथे माजघर, इथे गोठा असे बोटाने दाखवत सगळे घर मला फिरवून आणले. मग जिथे उंबरा असावा तिथे ती थोडा वेळ बसली. अर्धा तास लागला असेल.

दाखवते, मी म्हटले.

ती हसली. तेवढ्यात धक्का आला. तिने झेंडा उघडला, तेवीस मोजले, आणि कानातली यंत्रे परत टाकण्यासाठी टोपली पुढे केली. बाजूला निळ्या स्टिकरचा गट उतरून तिचीच वाट पाहत होता.